उजवी पाकळी

एक बाई कमी करायची होती. सातांच्या सहा, एवढंच. दुसऱ्या कुठल्या कारखान्यात मालकाने शनिवारी हाक मारून सांगितलं असतं, "बाई, सोमवारपासून येऊ नका," आणि विषय संपला असता. चार दिवस शिव्या खाल्ल्या असत्या, पाचव्या दिवशी सगळे आपापल्या कामाला. पण सुविधा गावस म्हणजे काय साधी मालकीण! तिला नुसतं मालकीण म्हटलं तरी तिच्या कपाळाला आठी पडायची.

लाटंबार्से गावात रस्त्याला लागून तिचा काजू फोडायचा छोटा कारखाना. खाणी बंद पडल्या, नवऱ्यांचे ट्रक दारात गंजत उभे राहिले आणि घर चालवायची पाळी ज्या बायांवर आली, त्यांच्यासाठी तिने पणजीतली चांगली नोकरी सोडून तो काढला होता. किलोवर मजुरी नाही, महिन्याचा पगार. टरफलातल्या तेलाने हात भाजू नयेत म्हणून सगळ्यांना हातमोजे. हे सगळं तिने खरोखर केलं, त्यात खोट काढायला जागा नाही. पुढे ती पुण्याला जाऊन 'सजग नेतृत्व' नावाचं शिक्षण घेऊन आली, आणि तिथून सुरू झालं वर्तुळ. रोज सकाळी कामाआधी सगळ्यांनी गोल बसायचं, पोदेराच्या भट्टीतले गरम उंडे पाव चहात बुडवून खायचे आणि जे काय असेल ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. कोणी एकाने हुकूम सोडायचा नाही. बाया आपसात त्याला फुगडी म्हणायच्या. "चला गो, फुगडी घालूया," म्हणत हसत-हसत येऊन बसायच्या.

त्या वर्षी मुंबईच्या गिऱ्हाइकाने सांगितलं, काजूगराची साल यंत्राने काढलेली हवी, नाहीतर माल नको. यंत्र द्यायला पुण्याची एक संस्था तयार झाली आणि तिने कागदावर लिहून घेतलं, यंत्र आल्यावर कारखान्यात सहाच बाया. सुविधाने सही केली. वाचून, समजून केली. न करती तर गिऱ्हाईक जातं आणि सातही जणी घरी बसतात, हेही खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी तिने तो प्रश्न वर्तुळात ठेवला. आपल्यातल्या एकीला थांबावं लागेल, कोणी ते आपण मिळून ठरवूया, असं म्हणाली. आवाज इतका मऊ, की बायांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा सातही जणींच्या माना खाली गेल्या.

"तुम्हीच सांगा बाय," पद्मावती म्हणाली. ती बायांमध्ये तोंडाने जरा धीट. "तुम्ही सांगाल ती जाईल."

"मी नाही सांगणार. माझ्या एकटीचा कारखाना आहे का हा?"

मग कोणाचा गो, असं एकीच्याही तोंडातून आलं नाही. त्या दिवशी कोणी हसलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तीन सकाळी अशाच गेल्या. खरं सांगायचं तर सुविधाला माहीत होतं काय करायला हवं होतं. जानकी सगळ्यांत मागाहून लागलेली, वय तिशीच्या आत, मोरजीला हॉटेलात तिची बहीण कामाला होती, हिलाही तिथे उद्या काम मिळालं असतं. जानकीला बाजूला घेऊन नीट सांगायचं, थोडं वाईट व्हायचं आणि मोकळं व्हायचं. पण वाईट व्हायची तयारी नव्हती ना! जानकीच्या डोळ्यांतलं पाणी आपल्या नावावर पडायला नको होतं.

चौथ्या दिवशी पद्मावतीच म्हणाली, "देवीला कौल लावूया. मग कोणी कोणाकडे बोट दाखवायला नको."

सगळ्या बायांनी सुटकेचा निःश्वास टाकला. त्या भागात लग्न ठरवायचं असो, विहीर खणायची असो की भावाभावांचं भांडण असो, देवीच्या अंगावर दोन बाजूंना ओल्या पाकळ्या लावतात, गाऱ्हाणं घालतात आणि वाट बघतात. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. त्यावर अपील नाही.

सुविधाचाही जीव भांड्यात पडला. हो, पडला! वर पुन्हा त्या रात्रीच संस्थेला पाठवायच्या अहवालात तिने लिहिलं, 'स्थानिक परंपरेचा मान राखून सामूहिक निर्णय.' लिहिताना तिला स्वतःचं कौतुकही वाटलं.

सोमवारी सकाळी आठही जणी न्हाऊन, ओटीचं सामान घेऊन देवळात गेल्या. सगुण गुरवाने सगळं ऐकून घेतलं. "एकेकीचं नाव घेईन," तो म्हणाला. "हिने काम सोडावं अशी इच्छा असेल तर उजवी दे, असं मागेन. जिच्या नावाला उजवी पडेल तिथे थांबायचं. सुरुवात कोणापासून करू?"

सगळ्यांनी सुविधाकडे बघितलं. निदान एवढं तरी तिने सांगायला हवं होतं, आणि तिने सांगितलं. "शेवंतीमावशीपासून. मोठ्यांचा मान पहिला."

शेवंतीमावशी साठी ओलांडलेली. सातांत पहिली आलेली तीच. वाफेतल्या काजूचा आवाज ऐकून आता बास की अजून थोडं हे सांगणारी तीच, आणि पुस्तकं वाचून कारखाना काढायला निघालेल्या सुविधाला काजू कसा फोडायचा हे शिकवलं ते तिनेच. नवरा मागच्याच वर्षी गेला. मूलबाळ नाही. कारखान्यात पहिला चहा तिला, वर्तुळात पहिलं बोलणं तिचं. "मान कसला गो माका," म्हणत ती लाजली, पदर सारखा करून पुढे झाली आणि हात जोडून उभी राहिली.

गाऱ्हाणं पुरं होईतो पाकळी पडली. उजवी.

बाकीच्या सहांची नावं घ्यायची वेळच आली नाही. शेवंतीमावशीने नमस्कार केला, गुरवाने दिलेली ती पाकळी केसांत खोवली आणि म्हणाली, "देवीची इच्छा." दुसऱ्या दिवशी ती हातमोजे आणि एप्रन स्वच्छ धुऊन, घडी घालून परत देऊन गेली. सुविधाने तिला मिठी मारली, सगळ्या रडल्या. रडण्यात जानकी सगळ्यांत पुढे होती.

त्यानंतर आठवड्याने डिचोलीला जाताना, स्कूटरवर, सुविधाच्या डोक्यात उजेड पडला. तिने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. दोन पाकळ्यांतली एक पडणार. म्हणजे जिचं नाव पहिलं, ती जायची शक्यता निम्मी. दुसरीची त्याच्या निम्मी, तिसरीची त्याहून निम्मी. सातवीपर्यंत गोष्ट पोचणार तरी कशी? पदवीला गणित घेतलेली बाई, आणि मान म्हणून म्हातारीला सगळ्यांत पुढे उभी केली! बाजूने गाड्या जात होत्या, आणि ती हेल्मेट डोक्यावर तसंच ठेवून मोठ्याने म्हणाली, "अगो आई, काय केलं मी हे?"

दुसऱ्या दिवशी तिने वर्तुळात सगळं समजावून सांगितलं. आपण विचारलं तेच चुकीचं, परत कौल लावूया, म्हणाली. बायांनी कानांवर हात ठेवले. "देवीला परत विचारायचं? खेळ आहे काय तो?" जानकीने पुटपुटून देवीची क्षमा मागितली. वयाने मावशीच्या खालोखाल पद्मावती, म्हणजे देवळात दुसरं नाव तिचंच आलं असतं. तिने सुविधाकडे बघितलंच नाही, उठली आणि यंत्र सुरू केलं.

दोन महिन्यांनी चतुर्थीच्या आणि दिवाळीच्या मागण्या आल्या आणि सहा बाया पुऱ्या पडेनात. सुविधाने घाबरत-घाबरत संस्थेला फोन केला. तिकडचा माणूस हसून म्हणाला, "अहो, घ्या की सातवी! तो आकडा आम्ही आपला अंदाजाने लिहिला होता." आणि पुढे म्हणाला, तुमची ती कौलाची पद्धत आमच्या पुढच्या शिबिरात येऊन सांगाल का, सगळ्यांना फार आवडली. सुविधाने फोन ठेवला आणि तशीच शेवंतीमावशीच्या घरी गेली.

भर दुपार होती. मावशी जनेलातून येणाऱ्या उजेडात बसून तांदूळ निवडत होती. वाळली होती. घरात देवीची तसबीर होती ती भिंतीकडे तोंड करून ठेवली होती.

"मावशी, काम आलंय. उद्यापासून या. तुमची जागा तशीच आहे."

"नको गो बाय."

"का नको? मीच सांगते ना, या म्हणून."

"तू सांगून काय होतंय? देवीने नको म्हटलंय." मावशीने सूप बाजूला ठेवलं. "तू काढलं असतंस ना, तर मी तुला तोंडावर शिव्या घातल्या असत्या. गावभर तुझं नाव घेतलं असतं. आणि तू बोलावलंस की धावत आले असते. देवीशी कशी भांडू?"

सुविधा घाईघाईने सांगायला लागली. निम्मी शक्यता, नावांचा क्रम, दुसरी कोणी पहिली असती तर कदाचित तीच गेली असती, यात देवीचं काही नाही, चूक माझी. मावशी लक्ष देऊन ऐकत होती. सगळं ऐकून म्हणाली, "म्हणजे देवी खोटी?"

"नाही, नाही," म्हणत सुविधाने कानाच्या पाळ्या धरल्या.

"मी देवळात जात नाही आता," मावशी म्हणाली. "कुठल्या तोंडाने जाऊ? रोज आठवत बसते. सासूला कधी उलट बोलले, नवऱ्याच्या आजारपणात एकदा कंटाळून काय बोलले, कोणाचं काय राहिलं. काही सापडत नाही, आणि मग सगळंच माझं चुकलेलं दिसतं. सहा जणी ठेवल्या आणि माका एकटीला काढली. बघितलं असणार ना काहीतरी तिने?"

"तुमचं काही चुकलं नाही हो मावशी! माझं चुकलं. मला तुमच्यापैकी कोणाच्याही नजरेत वाईट व्हायचं नव्हतं, म्हणून मी देवीला पुढे केलं. मला काय बोलायचं ते बोला. आत्ता बोला, मारा हवं तर."

"तुला कित्याक बोलू?" मावशी उठून तिच्या जवळ आली. "तू चांगली गो. तू कोणाला दुखवलं नाहीस."

ते ऐकलं आणि सुविधा तिथे उंबऱ्यावर बसून ओक्साबोक्शी रडायला लागली. मावशीने तिच्या पाठीवरून हात फिरवला, प्यायला पाणी आणून दिलं आणि बराच वेळ तिचीच समजूत काढत राहिली.