ताईला दिलेला वाटा

"परत उठलात? टाके उसवायचेत का?" नर्स ओरडली.

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाच्या पायाला मुळातच भिंगरी होती, आणि ऑपरेशननंतरही ती सुटली नव्हती. एका हाताने पोट धरून तो ताईच्या काचेच्या खोलीपर्यंत जाई, आत डोकावे आणि परत फिरे. यकृताचा जेवढा वाटा देता येतो तेवढा त्याने मोठ्या बहिणीला दिला होता. तरी तिचे डोळे पिवळेच होते. आज तर तिने त्याला ओळखलेही नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ती म्हणाली होती, "तुझं घेतलं की माझ्याही अंगात तुझा चळ शिरणार. मग घर सांभाळायचं कोणी?" दाजी, म्हणजे तिचा नवरा, हसता हसता रडले होते.

त्याची सोनोग्राफी पाहून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमचं उरलेलं यकृत झकास वाढतंय."

"आणि ताईचं?"

त्यांनी सोनोग्राफीचा कागद घडी करून फाइलीत ठेवला.

"एकाच यकृताचे दोन वाटे ना? मग माझं वाढतं, तिचं का नाही? वाढ म्हणून त्याला सांगतं तरी कोण?"

त्या स्टुलावर बसल्या आणि समजावू लागल्या. यकृत कापले की उरलेल्या भागात रक्त जोरात शिरते. त्या धक्क्याने काही रेणू सुटतात आणि झोपलेल्या पेशींना जागे करतात. पेशी दुणावू लागतात. पुरेशा झाल्या की दुसरे रेणू त्यांना थांबवतात.

"म्हणजे लिफ्टच. बटण दाबलं की निघायचं, मजला आला की थांबायचं."

"हो. पण ताईंना तो वाटा लहान पडला. रक्ताचा लोंढा त्याला झेपत नाहीये. निरोप पोचतोय, पण वाढायच्या आधीच पेशी मरतायत."

"मग माझं आणखी काढा. वाढतंयच की!"

"तुम्ही मराल."

"ते माझं मी बघतो!"

"नाही, भाऊ. तुमच्यावर मी पुन्हा सुरी चालवणार नाही. दुसरं कोणी मिळतंय का, ते बघतोय आम्ही."

त्याला स्वतःच्याच पोटाचा भयंकर राग आला. वाटणीत धाकट्याने चांगला तुकडा मागे ठेवून घ्यावा, तसे त्याला वाटत होते, आणि हे कोणाला सांगायचीही सोय नव्हती. तो पुन्हा काचेपाशी गेला.

"वाढ की, मेल्या," तो आत बघत पुटपुटला. "इकडे वाढतोयस, तिकडेच काय धाड भरलीय तुला?"

दुसरे कोणी मिळाले नाही. ताई भर दुपारी गेली.

सगळे आवरून दाजी त्याच्या खाटेपाशी आले तेव्हा समोर जेवणाचे ताट तसेच पडले होते. त्याला कडकडून भूक लागली होती. लाज वाटावी अशी भूक.

"जेव," दाजी म्हणाले.

"नको. जेवलं की ते वाढतं."

"वाढू दे ना रे." दाजींनी ताट पुढे ओढले. "तिनं ऑपरेशनआधीच बजावलंय मला, तुझं भरून येईपर्यंत तुला सोडायचं नाही. तू जेवल्याशिवाय मी उठत नाही."

मग तो जेवला. रडत, भराभर, अधाशासारखा. ताट रिकामे होईपर्यंत दाजी पाण्याचा पेला हातात धरून शेजारी बसून राहिले.