आतून न उघडणारा यंत्रमानव

मित्रांनो, मी एक जुना यंत्रमानव आहे. खरं सांगायचं तर मी धड यंत्रही नव्हतो आणि मानवही नव्हतो. दूरचित्रवाणीवरच्या एका अंतराळ मालिकेसाठी सुतारकाकांनी मला प्लायवूड आणि पत्र्यातून उभं केलं. मोटारीचे दोन दिवे माझे डोळे झाले. पाठीला दार होतं, पण त्याची कडी बाहेरून होती. "आतून उघडणारी कडी उद्या बसवतो," सुतारकाका म्हणाले. चित्रीकरणाच्या धांदलीत तो उद्या काही उजाडला नाही.

माझ्या पोटात उभं राहून एक ठेंगणे नट मला चालवत. सेटवर सगळे त्यांना मामा म्हणत. कपडेपटात शिवणकाम करणाऱ्या मामी त्यांच्या पत्नी. मी परग्रहावर डुलत निघालो की घरोघरी मुलं हातातला घास विसरत. मला पोतंभर पत्रं येत, मामांना मात्र रस्त्यात कोणी ओळखत नसे. मला त्याचं काही वाटलं नाही. मी चांगलाच शेफारलो होतो.

अकराव्या भागात माझा अंत होता. धूर सोडायचा आणि मी हात हलवत कोसळायचं, एवढंच ठरलं होतं. पण धूर फटींतून आत शिरला. मामा खोकू लागले, दाराला धडका देऊ लागले. "अरे, कडी काढा कोणीतरी!" माझ्या पत्र्यात तो आवाज नुसता घुमला, बाहेर एक शब्द कळेना. मी थरथरलो, झुकलो, गुडघ्यांवर आलो.

"वा! काय काम करतायत मामा!" दिग्दर्शक पुटपुटले. "कॅमेरा थांबवू नका."

मामी हातातली सुई टाकून धावल्या. "अहो, काम कसलं डोंबलाचं! जीव चाललाय त्यांचा!" त्यांनी कडी ओढली आणि मामा त्यांच्याच अंगावर कोसळले.

मामा वाचले, पण छाती कायमची अधू झाली. चार पायऱ्या चढले तरी त्यांना धाप लागे. तो प्रसंग मात्र जसाच्या तसा दाखवला गेला. 'यंत्रात जणू खरा जीव होता,' असं वर्तमानपत्रांनी लिहिलं. त्या कौतुकाची मला आजही लाज वाटते.

पुढे मालिका संपली आणि मी गोदामात धूळ खात पडलो. मागच्या आठवड्यात नव्या मालिकेची माणसं मला शोधत आली. मला पुसलं, रंगाचे डबे आणले. माझ्यात उभी राहणार असलेली नटी पाठीमागून डोकावली.

"हे आतून कसं उघडायचं?" तिने विचारलं.

"आतून कशाला? बाहेर आम्ही सगळे असतोच की!" रंगाचा डबा उघडत त्यांच्यातला एकजण म्हणाला.

मित्रांनो, त्या दिवशीही सगळे बाहेरच होते. माझा रंग उडालेलाच राहू द्या. आधी आतून उघडणारी कडी बसवा.