वेळेआधी आलेला माणूस

डॉक्टर सुनिवाने आर्नफिनच्या बोटाला टोचलं, रक्ताचा थेंब नळीत घेतला आणि यंत्राचं झाकण लावलं. म्हातारा अंगावरचा कोट काढायला तयार नव्हता. दात वाजू नयेत म्हणून त्याने जबडा घट्ट आवळला होता.

कोटाखालूनच तिने छाती तपासली. उजवीकडे काहीतरी कुरकुरलं, की कोटाचं अस्तर होतं ते? तिला ठरवता येईना. नॉर्वेच्या उत्तरेकडच्या त्या बेटावर सीआरपीचा, म्हणजे रक्तातून जंतुसंसर्ग दाखवणारा आकडा म्हणजे वेदवाक्य. लोक दुकानात एकमेकांना आपापले आकडे सांगत. आकडा मोठा आला तर अँटिबायोटिक, लहान आला तर घरी पांघरूण. सुनिवाही त्यावरच विसंबून असे, आणि आजवर त्याने तिला कधी तोंडघशी पाडलं नव्हतं.

आकडा आला आठ. म्हणजे काळजी नाही.

"व्हायरल दिसतंय, काका. घरी जाऊन पडा."

तो उठला. दाराशी त्याने चौकटीचा आधार घेतला, तेव्हा ती खुर्चीतून अर्धी उठली. पण आकडा आठ होता. तिने उगाच पुन्हा हात धुतले.

मग त्याची शेजारीण ओड्नी गुडघा दाखवायला आली. तिची टकळी सुरूच होती. आर्नफिन इथे कसा, याचंच तिला नवल. काल संध्याकाळी तर जाळी ओढत होता, वर तिलाच टोमणे मारत होता.

"काल?"

"काल. चांगला ठणठणीत."

सुनिवाचा हात गुडघ्यावर थबकला. इथली माणसं तापाने फणफणली तरी दोन-तीन दिवस अंगावर काढत; लगेच डॉक्टर गाठणं म्हणजे नाक कापून घेणं. सीआरपी चढायला वेळ लागतो, आणि माणूस दवाखान्यात येईतो आकडा चढलेलाच असे. म्हणूनच आकडा कधी चुकला नव्हता. कधीपासून बरं नाही, हे विचारायचं तिने केव्हाच सोडून दिलं होतं.

ती तशीच धक्क्यावर धावली. आर्नफिन वाकून बोटीचा दोर सोडवत होता. हाताची बोटं धड चालत नव्हती.

"काका, राहू द्या. हॉस्पिटलात जायचंय. हेलिकॉप्टर बोलावते."

"आठ आला ना?"

"तुम्ही फार लवकर आलात. इतक्यात आकड्यात काही दिसत नाही."

तो ओशाळला, दोर हातातच धरून उभा राहिला.

"माझी बायको आसलाउग गेली तेव्हा तूच ओरडली होतीस, इतके दिवस का थांबलात म्हणून. आज उजाडताच निघालो." त्याला धाप लागली. "आता तूच सांग पोरी, माणसानं यायचं तरी कधी?"