माझ्याच जागेची जाहिरात

आमच्या जुन्या मालकाचं नाव आम्ही घरात अक्कलदाढ ठेवलं होतं. उशिरा उगवायचा, उगवला की सगळ्यांना ठणका लावायचा, आणि चावायच्या कामी उपयोग शून्य. नाव नवऱ्यानं शोधलं. तो त्या माणसाला एकदाच भेटला होता, पण तेवढं पुरलं.

त्याची दातांची लॅब होती. लॅब म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या. एकीत प्लास्टर आणि भट्टी, दुसरीत आम्ही कामगार, टेबलाला टेबल लावून, प्रत्येकाच्या डोक्यावर एक दिवा. दातांचे डॉक्टर मापं पाठवायचे, आम्ही कवळ्या करून परत पाठवायचो. माझ्याकडे एक खास काम असायचं. काही म्हाताऱ्या माणसांना पांढरेशुभ्र, कवायतीला उभे राहिल्यासारखे दात नको असतात. त्यांना आपलेच गेलेले दात परत हवे असतात. मग ती तरुणपणीचा एखादा हसरा फोटो पाठवतात आणि त्यावरून मी मेणात हातानं दात लावते. एक जरासा पुढे, एक शेजारच्याच्या अंगावर रेललेला, एकाचा कोपरा उडालेला. एका आजोबांनी नवी कवळी घातली तेव्हा त्यांची बायको म्हणाली, "आला गं बाई माझा माणूस!" डॉक्टरांनी हे मुद्दाम फोन करून कळवलं. कळवलं अर्थात अक्कलदाढेला. कारण लॅबच्या माहितीपत्रकावर छापलेलं होतं, 'संस्थापकांच्या स्वतःच्या हातांनी घडवलेले दात.' संस्थापकांच्या हातून काही घडताना मी एकदाच पाहिलं. कप फुटला होता.

पण सगळेच डॉक्टर काही डोळ्यांवर कातडं ओढून बसलेले नसतात. त्यातल्या एकानं शहराच्या दुसऱ्या टोकाला लॅब चालवणाऱ्या बाईंना सांगितलं, "ते काम त्याचं नाही हो, आत बसणाऱ्या मुलीचं आहे." बाईंनी मला बोलावून घेतलं. पगार इकडच्यापेक्षा किंचित वर, तीट लावावी इतका. पण सुटी वेळेवर. पोरगी जागी असताना मी घरी पोचणार होते. मला त्यापुढे काही ऐकूच आलं नाही. माझी मुलगी तेव्हा बापालाच आई समजायला लागली होती. मी घरी पोचायचे तेव्हा ती पालथी झोपलेली असायची, मूठ तोंडात, आणि मला तिच्या मानेचा वास घेऊन तेवढ्यावर भागवावं लागायचं.

आता तुम्ही म्हणाल, मग बदल की नोकरी, अडलंय कोणाचं? अडलं होतं आमचं. आम्ही बाहेरचे. कामाचा परवाना माझ्या नावावर, पण त्याची शेंडी मालकाच्या हातात. आणि नवरा अन् मुलगी त्या परवान्याच्या शेपटीला बांधलेले.

अक्कलदाढेला माझ्या जाण्याचा वास लागला आणि त्यानं मला समोर बसवलं.

"आपण सगळे इथे एक कुटुंब आहोत," तो म्हणाला.

"हो सर."

"कुटुंबातून कुणी पगारासाठी उठून जातं का?"

"नाही सर. कुटुंबात पगार कुठे मिळतो?"

त्याला ते टोचलं, पण कुठे टोचलं ते सापडलं नाही. "तुला मी राजाचा पगार देतो, राजाचा! तुमच्याकडे एवढ्यात चार घरं चालतील." मग खुर्चीत मागे रेलून, अगदी प्रेमानं, "महिनाअखेर परवाना संपतोय ना तुझा? मी काही तो वाढवणार नाही. बघू तुझी नवी बाई काय दिवे लावते."

म्हणजे महिनाअखेरपर्यंत नव्या बाईंच्या नावानं परवाना मंजूर झाला तर ठीक. नाही झाला तर तिघांनी बॅगा भरायच्या.

बाईंनी या कामासाठी एक माणूस लावला होता. आम्ही त्याला कागदवाला म्हणायचो. बारीक, स्वच्छ, इस्त्रीचा माणूस. 'परवाना' हा शब्द तो इतक्या हळू उच्चारायचा, जणू शेजारच्या खोलीत कुणी आजारी आहे.

"बाहेरच्या माणसाला घ्यायचं तर आधी त्या जागेची जाहिरात द्यावी लागते," त्यानं समजावलं. "इथला कुणी लायक उमेदवार आला तर जागा त्याची. कुणी आला नाही हे कागदावर दिसलं, की मग तुमची."

"म्हणजे माझी नोकरी आधी दुसऱ्याला द्यायचा प्रयत्न करायचा?"

"प्रयत्न केल्याचं दिसलं पाहिजे."

"आणि प्रयत्नाला यश आलं तर?"

"येता कामा नये. म्हणून तर जाहिरात तुम्हीच लिहून आणा. अशी लिहा, की तुमच्याशिवाय कुणाच्या अंगाला ती बसूच नये."

लग्न ठरलेल्या मुलीनं स्थळं बघत हिंडावं, तसला हा कारभार. कायदा करणाऱ्यांना हे नाटक माहीत, बाईंना माहीत, कागदवाल्याचं तर पोट त्यावरच. फक्त नाटक आहे असं म्हणायचं नाही, एवढीच काय ती अट.

रविवारी आम्ही जाहिरात लिहायला बसलो. पोरगी नवऱ्याच्या मांडीवर बसून त्याच्या शर्टाचं बटण चघळत होती. दात येत होता तिला. हिरडी लालबुंद, लाळेनं गळा ओला.

मी लिहिलं, "जुन्या छायाचित्रावरून रुग्णाच्या मूळ दातांची ठेवण, झीज व वाकडेपणा मेणात हाताने घडवण्याचा किमान सहा वर्षांचा अनुभव."

"कमी पडतंय," नवरा म्हणाला. "पुढे लिही, उमेदवाराच्या डाव्या खांद्यावर बाळाच्या ओकारीचा डाग असावा."

"आणि नवरा आगाऊ असावा."

"तो असेल तर अनुभवाची अट शिथिल."

हसलो खूप. 'अशा कामांचे पुरावे आवश्यक' हेही मी स्वतःच्याच हातानं लिहिलं. कागदवाल्यानं वाचून मान डोलावली, "झकास. ही जाहिरात म्हणजे तुमचं मापच आहे."

पहिला अर्ज आला तो केकवर साखरेची फुलं करणाऱ्या माणसाचा. त्याला नम्रपणे नकार गेला. मग चार दिवस शांतता. आणि मग कागदवाल्याचा फोन.

"एक अर्ज आलाय. सगळं जुळतंय."

"सगळं म्हणजे?"

"फोटोवरून दात, मेणात, हातानं. वर्षंही भरपूर. छापील माहितीपत्रक जोडलंय, कामांच्या फोटोंचा अल्बम आहे. आणि माणूस इथलाच."

मला नाव विचारावं लागलं नाही. मी माझं माप घेतलं होतं अगदी काळजीपूर्वक, पण माझं सगळं काम ज्याच्या नावावर छापलेलं होतं, त्याला विसरले होते. कागदावर मी म्हणजे तोच होता.

"पण त्याची स्वतःची लॅब आहे! तो कशाला नोकरी करेल?" नवरा ओरडला.

"करायची कशाला?" मी म्हटलं. "हो म्हणायचं, जागा अडवायची. महिना उलटला, आपण विमानात बसलो, की प्रकृतीचं कारण सांगून मोकळा."

मी कागदवाल्याला विचारलं, त्याला मेण आणि सुरी देऊन करून दाखव म्हणता येणार नाही का? "प्रात्यक्षिक घ्यायचं तर जाहिरातीत आधी लिहावं लागतं," तो म्हणाला. "तुम्ही लिहिलं नाहीत." आणि मालकानं दुसरीकडे नोकरी करू नये असं कायद्यात म्हटलेलं नाही, हेही त्यानं सांगितलं. मी न विचारता.

मुलाखतीच्या दिवशी आम्हाला तिघांनाही बोलावलं होतं. काय तो निकाल आज लागणार होता, आणि लागला आमच्या बाजूनं तर लगेच सह्या हव्यात. शिवाय मुलीचा नवा फोटो. आधीचा परत आला होता, कारण तिचं तोंड उघडं होतं. नियमात लिहिलंय, तोंड मिटलेलं आणि चेहरा भावहीन असावा. दात येणाऱ्या बाळाचा! आठवडाभर नवरा तिला सरकारी चेहरा करायला शिकवत होता आणि ती खदखदून हसत होती.

बाईंच्या खोलीला अर्धी काच आणि दार कायमचं किलकिलं, कारण प्लास्टरची भुकटी बसून त्याची कडी लागत नसे. आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. अक्कलदाढ आला. सूट, अत्तर, काखेत अल्बम.

"अरे वा, सहकुटुंब!" त्यानं पोरीचा गाल चिमटीत धरला. "बाळाला विमानाचा प्रवास झेपतो ना?"

नवऱ्यानं दात-ओठ खाल्ले. मी त्याचा गुडघा दाबून धरला.

आत बाईंनी विचारायचं ते विचारलं. अक्कलदाढेनं अल्बम उघडला आणि एकेक पान उलटत माझं काम दाखवू लागला. त्या आजोबांची कवळीही होती. "याच्यात बघा, हा दात किंचित कलता ठेवलाय. लोकांना वाटतं सोपं आहे." मीच कधीतरी टेबलाशी म्हटलेली वाक्यं. निदान पाठ तरी नीट केली होती.

बाई हतबल होऊन कागदवाल्याकडे बघत होत्या. कागदवाल्यानं एक कागद पुढे सरकवला. "तुम्ही सर्व अटींना उतरता. आता पगार मान्य असल्याचं तेवढं लिहून द्या. आकडा स्वतःच्या अक्षरात, खाली सही. नोकरी तुमची."

"पगार काय, असेल तो असेल," अक्कलदाढ उदारपणे म्हणाला. "मी काही गरजू नाही." पेन उघडलं, चष्मा चढवला, आणि थांबला.

"हा आठवड्याचा आहे का?"

"महिन्याचा."

"काहीतरी चुकलंय."

"जाहिरातीत होता की," बाई म्हणाल्या.

त्यानं जाहिरातीत माझा काटा काढायची संधी तेवढी वाचली होती. पगाराच्या ओळीपर्यंत पोचायची गरज त्याला आयुष्यात कधी पडलीच नव्हती.

"अहो, याच्यात माणूस राहणार कुठे आणि खाणार काय?"

"नियमाला धरून आहे," कागदवाला म्हणाला.

"नियमाला असेल! म्हणून मी काय रस्त्यावर पडलोय?"

तो आकडा, सांगून ठेवते, राजाच्या पगारापेक्षा वरचा होता.

मी काचेपाशी उभी होते. त्याला फक्त एक आकडा लिहायचा होता. कामाला यायचं नव्हतं, पैसे घ्यायचे नव्हते; नुसतं लिहायचं आणि आमचं बिऱ्हाड उचललं जाणार होतं. त्यालाही ते कळत होतं. पेनाचं टोक कागदाला टेकलं. पोरीला मी इतकं घट्ट धरलं की ती कुरकुरली, आणि त्या आवाजानं त्यानं वर पाहिलं. काचेतून आमची नजरानजर झाली.

हयात खोटं बोलण्यात गेली त्या माणसाची. पण माझ्यादेखत, माझ्या किमतीखाली स्वतःची सही करायची, एवढं एक खोटं त्याला पेललं नाही.

"थोडा वाढवता येईल का?" त्यानं विचारलं. देवा! घासाघीस करत होता.

"जाहिरातीतला आकडा बदलता येत नाही," बाई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर रंग परतायला लागला होता.

अक्कलदाढेनं पेन टाकलं. "हा पगार यांच्यासारख्यांना ठीक आहे. इथल्या माणसाचा हा अपमान आहे."

कागदवाला खाली मान घालून भराभर लिहीत होता. "'उमेदवारास पगार अमान्य.' इथे सही करा."

"मी नाकारतोय, लक्षात ठेवा. तुम्ही मला नाकारलेलं नाही."

"तसंच लिहिलंय, साहेब."

मग मात्र त्यानं झोकदार सही ठोकली. बाहेर येऊन माझ्यापुढे क्षणभर थांबला. "उपकार समज माझे."

"हो सर," मी म्हटलं. "राजाच्या पगारावर पाणी सोडलंत."

तो गेला. अत्तर बराच वेळ राहिलं. आम्हाला आत बोलावलं.

"बघ, शेवटी तुझी जागा तुलाच मिळाली," बाई हसत म्हणाल्या. जशी काही ती त्यांनी दिली होती. कागदवाल्यानं माझ्यासमोर कागद ठेवला: 'प्रस्तावित पगार इथल्या उमेदवारास अपुरा वाटला. मला तो पुरेसा आहे.' खाली माझं नाव.

"बाई, पगाराचं जरा..." मी सुरुवात केली.

"पुढच्या वर्षी बघू हं," त्या म्हणाल्या. आणि त्यांना स्वतःला ते इतकं गोड वाटलं, की त्यांनी पोरीची टाळी घेतली. बाईही अक्कलदाढच, दुसरं काय! ही दाढ फक्त अजून हिरडीत होती.

"सुटी वेळेवर ना?" नवऱ्यानं विचारलं.

"अगदी वेळेवर."

"मग कर सही," तो माझ्या कानाशी म्हणाला. "कर आणि चल. तिची झोपायची वेळ व्हायच्या आत."

मी सही केली. पुरेसा आहे म्हणून.

जास्तीची प्रत टेबलावर राहिली होती. पोरीनं ती झडप घालून पकडली, कोपरा तोंडात कोंबला, चावला, आणि असं तोंड केलं की कागदवालासुद्धा हसला. मग तिनं तो थू करून बाहेर काढला. चव कळते माझ्या लेकीला.

कागद पुसून घेताना मला त्यावर एक बारीक खूण दिसली. मी तो दिव्याखाली धरला. धंद्याची सवय. एकच दात, नुकता वर आलेला, तांदळाच्या कणीएवढा, आणि जरासा कलता.

"वाकडा येणार बहुतेक," मी नवऱ्याला म्हटलं.

"मग?"

"मग काय, येऊ दे. खुशाल येऊ दे."

त्या दिवशी फोटो मात्र परत नापास झाला. तोंड उघडंच होतं.