रुमालाखालचा सौदा

मी टीव्हीच्या पाठीत खोचलेली काडी बोलतेय. उदगीरच्या संगप्पांच्या जुन्या टीव्हीला इंटरनेटची वाचा मी दिली. कौतुक अर्थात पडद्याचं होतं.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात, एकसारख्या हजारो बहिणींबरोबर झाला. पुण्यात शिकणाऱ्या नातीने, अक्षराने, मला दिवाळीला इथं आणलं. लोकांना वाटतं, मी सिनेमे दाखवते. दाखवते की, पण माझं पोट जाहिरातींवर. मालिका थांबते तेवढ्या क्षणात दूर कुठेतरी यंत्रायंत्रांत लिलाव होतो : उदगीरचे हे दोन म्हातारे कोण घेतं? ज्याची बोली मोठी, त्याची जाहिरात लागते.

अक्षराने हे समजावलं तेव्हा संगप्पा खूश झाले. त्यांची हयात मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आडतीत गेलेली; व्यापारी रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायचे, ते दिवस त्यांनी पाहिलेले. म्हणाले, "म्हंजे मोंढ्यात आता आपलाच ढीग घातलाय की."

त्यांचं एक दुखणं होतं, आणि ते त्यांना सोडून सगळ्यांना माहीत होतं. कान गेले होते. टीव्हीचा आवाज इतका मोठा, की शेजारच्या चतुराबाई आमच्या मालिका स्वतःच्या अंगणात भाजी निवडत ऐकत. अक्षराचा फोन आला की "हं, जेवलो" म्हणून ते तो बायकोच्या, शांतम्माच्या हातात देत. पोरगी हळूहळू 'अज्जाला दे' म्हणायचंच विसरत चालली होती. शांतम्माला ते सोसवेना. पण यंत्र लावा म्हटलं की उत्तर ठरलेलं : "मला काय झालंय? लोकच हळू बोलायलेत."

एका दुपारी शांतम्माने रिमोट तोंडाशी धरला, बोलायचं बटण दाबलं आणि म्हणाली, "कानाचं यंत्र." संगप्पा शेजारीच सुपारी कातरत होते. त्यांना कुठलं ऐकू येतंय! मग रोज दुपारी तिचा हाच जप. मी निमूट वर कळवत राहिले. आमची जातच चुगलखोर. लवकरच बोलीला कानाचे व्यापारी उभे राहिले. मालिकेत यंत्र, कीर्तनात यंत्र, वांग्याच्या भाजीतही यंत्र.

बायकोचं न ऐकणारा माणूस बाजाराचं मात्र ऐकतो. "मालाला लई उठाव दिसायलाय," म्हणत संगप्पा लातूरला गेले आणि यंत्र लावूनच परतले.

त्या संध्याकाळी फोन त्यांनी स्वतः उचलला.

"अज्जा, ऐकू यायलंय का?"

"हाव. सावकाश बोल गं, मला घाई न्हाई."

दूध उतू गेलं तरी शांतम्मा जागची उठली नाही.

आता माझे दिवस भरत आलेत. जाहिरातींच्या बाजारात आम्हा काड्यांचा वाटा घटतोय म्हणतात. पोटातच इंटरनेट घेऊन जन्मलेले टीव्ही पुढे निघालेत. काल दुपारी शांतम्माने पुन्हा रिमोट तोंडाशी धरला. "मोठा टीव्ही," ती म्हणाली. स्वतःला घालवणारी जाहिरात स्वतःच दाखवायची, हे नोकरीत आलंच.

संगप्पांचा अडकित्ता थांबला. आजचं त्यांना ऐकू आलं, आणि मागचंही उमगलं.

"काही म्हणलीस का?"

"न्हाई ओ. कुठं काय."

अडकित्ता पुन्हा चालू झाला. हसू मात्र त्यांनी खांद्यावरच्या रुमालाखाली घेतलं.

नवा टीव्ही येईल तेव्हा येईल. तोवर एवढंच मागणं : जाहिरात लागली की लगेच पाणी प्यायला उठू नका. कोण जाणे, तुमच्याच घरातल्या कुणीतरी ती तुमच्यासाठी मागवलेली असेल.