येते म्हणावं

पाचव्या दिवशीही धुकं हललं नाही तेव्हा माझा पारा चढला. लॉन्ड्री माझी, दोऱ्यांवरच्या चादरी माझ्या जबाबदारीच्या, आणि एकही वाळेना! गिऱ्हाइकं दारातून विचारायची, "आज तरी?" मी इस्त्री तापवायचे, ती गार व्हायची, पुन्हा तापवायचे. जिवाला चैन म्हणून नव्हती.

भाची मात्र खिडकी सोडेना. माझा भाऊ-भावजय गेल्यापासून मीच वाढवली हिला.

"काय लपवतेस गं?" मी दरडावलं.

"तो थांबलाय, पुलापाशी. म्हणून धुकं जात नाही."

तो म्हणजे धुक्यातला. पुलापलीकडे ती माणसं राहतात. त्यांना ऊब सोसत नाही, विरून जातात, आणि आमचा तर सगळा जन्म इस्त्रीपाशी. म्हणून दोन्हीकडच्या थोरांनी ठरवून टाकलंय: कपडे पोचवायचे, कामापुरतं बोलायचं, बस्स.

"मी कामापुरतंच बोलायचे," ती म्हणाली. "गठ्ठा द्यायचा आणि निघताना 'येते हं' म्हणायचं. पण त्यांच्यात शब्द म्हणजे शब्द, आत्या. तीनदा 'येते' म्हटलं की कायमचं यायचं."

"आणि तू तीनदा म्हणालीस?"

"पहिल्यांदा सवयीनं. नंतर कळूनसवरून. आवडतो तो मला."

मी कपाळावर हात मारला. ही सवय लावली कुणी? मीच! लहानपणी दप्तर घेऊन "जाते" म्हणाली की मी ओरडायचे, "जाते काय? अभद्र कुठली! येते म्हणावं." उंबऱ्यातून मागे बोलवून म्हणायला लावायचे.

"मग त्याला जाऊन 'जाते' म्हण. सुटशील."

"मी सुटेन. तो तिथंच विरेल."

"विरू दे!" बोलून गेले आणि जीभ चावली, पण शब्द मागे घेतला नाही.

ती दारापर्यंत जायची, परत यायची, उगीच ओल्या चादरी चाचपायची. दुपारी तिनं गार पाण्याच्या बादलीत तळवे बुडवले, बराच वेळ. मग निघाली. म्हटलं, सुटले एकदाची! चालली सांगायला.

उंबऱ्यात ती थांबली.

"आत्या, जाते."

"येते म्हण," मी सवयीनं खेकसले.

ती रडत होती. "खोटं बोलवत नाही गं."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. होते तशी धावले. पुलावर दोघं दिसली. मला बघून तो मागे सरकला, त्याचा खांदा विरायला लागला, आणि माझी पोर हात पसरून मध्ये उभी राहिली. माझ्यापासून त्याला वाचवायला! मग लक्षात आलं, तापलेली इस्त्री माझ्या हातातच होती. मी ती पटकन पाठीमागे लपवली.

दोघं वळली. धुकं त्यांच्यामागून पूल ओलांडायला लागलं, माझ्या पाठीवर ऊन पडलं.

"येते हं!" मी जीव खाऊन ओरडले.

आता जावं लागणारच. पलीकडचा गठ्ठा पोचवायला दुसरं आहे कोण?