एकशे चौऱ्याऐंशीची गिरजाबाय

मी बीपीची मशीन बोलतेय. लगेच कपाळाला आठी घालू नका, तुमचा आकडा सांगायला आलेले नाही. आज माझंच जरा ऐका.

एक गोल तबकडी, तिच्यात काटा, दोन रबरी नळ्या, हाताने दाबायचा फुगा आणि दंडाला गुंडाळायचा निळा पट्टा, एवढाच माझा संसार. कुठल्या कारखान्यात जन्मले ते आठवत नाही. भानावर आले ती सिद्धगडाच्या पायथ्याशी, मुरबाड तालुक्यातल्या एका उपकेंद्रात. नम्रता सिस्टरने खोकं फोडलं आणि पहिला पट्टा स्वतःच्याच दंडाला बांधला. फुगा दाबला, हळूहळू हवा सोडली, आणि बाई गं, आतून कुणीतरी दार ठोठावत होतं. न थकता, न थांबता. त्या दिवसापासून माणसाच्या हृदयाचं मला जे अप्रूप वाटतं ते आजवर कमी झालेलं नाही.

माणसं मात्र भारी विचित्र. चढ चढून धापा टाकत येतात आणि दारातच हात पुढे करतात. सिस्टर म्हणते, पाच मिनिटं शांत बसा. बसतात, आणि पाचही मिनिटं सुनेच्या नावाने बोटं मोडतात. काही जण तर मलाच हात जोडतात, "जरा कमी दाखव गो माय." मी काय करणार? मी दाखवते ते तुमचंच असतं.

एकदा जयराम जीपवाला आला होता. एकशे तीस भरलं, छान होतं. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याने उचलला नाही, नुसतं नाव वाचलं आणि फोन उपडा ठेवला. सिस्टरला शंका आली, तिने परत मोजलं तर एकशे छप्पन्न. त्याच्या अंगाला कोणी बोट लावलं नव्हतं, कोणी एक शब्द बोललं नव्हतं. नुसत्या एका नावाने एवढं रक्त उसळतं? मी थक्क झाले. सुई टोचली तर दुखतं हे मला कळत होतं. न टोचताच दुखतं, हे त्या दिवशी कळलं.

आता गिरजाबायचं सांगते. तिच्यासाठीच तर बोलायला बसलेय.

गिरजाबाय साठीची. नवरा कुंडलिक भातशेतीवाला, मुलगा ओमकार कल्याणला कामाला. पाड्यात कोणालाही विचारा, म्हणतील, "गिरजाबाय म्हंजे गाय." कधी आवाज चढला नाही, कधी कोणाला दुखावलं नाही. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. तांदळातला खडा दिसत नव्हता, माणसं ती आवाजावरून ओळखायची. मुरबाडला सरकारी दवाखान्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं शिबिर होतं. तिथे मोजलं तर एकशे चौऱ्याऐंशी. डॉक्टर म्हणाले, एवढ्या बीपीवर डोळ्याला हात लावता येणार नाही. गोळ्या दिल्या आणि परत पाठवलं.

गोळ्या तिने नेमाने घेतल्या. कुंडलिक रोज सकाळी समोर उभा राहून घ्यायला लावायचा. महिन्याने दुसरं शिबिर. एकशे अठ्ठ्याहत्तर. परत माघारी. या वेळी डॉक्टरांनी सिस्टरला बाजूला घेऊन सांगितलं, "उजव्या डोळ्याचा फार पिकलाय. आणखी लांबलं तर कठीण होईल." मी सिस्टरच्या पिशवीत होते, सगळं ऐकलं.

गिरजाबायच्या घराला लागून तिच्या धाकट्या जावेचं, सुंदराचं घर. दोघींचं अंगण एकच. ही सुंदरा म्हणजे दुसरंच टोक. कोंबडी वेळेवर खुराड्यात गेली नाही तरी पलीकडच्या पाड्याला कळायचं. सगळे म्हणायचे, बीपी हिचं बघा, हीच एक दिवस आडवी होणार. सिस्टरने बघितलं. एकशे अठरा. पाड्याने लगेच निकाल लावून टाकला, "मशीन बिघडली. गायीला एकशे ऐंशी दाखवते नि वाघिणीला एकशे अठरा."

मला बिघडलेली म्हणाले. राग आला, खोटं कशाला बोलू. सिस्टरने दुसरी मशीन आणून ताडून बघितलं. आकडे तेच. मी चुकत नव्हते. मग चुकत होतं कोण?

उत्तर मिळालं ते गिरजाबायच्याच ओटीवर. सिस्टर सकाळी सातला तिथे गेली. गिरजाबाय भिंतीला टेकून निवांत बसली होती. पट्टा बांधला, एकशे बावन्न. सिस्टर खूश, मीही खूश. एवढ्यात अंगणात खराटा वाजायला लागला. खर्र, खर्र. सुंदरा झाडत होती, तोंडाने कोंबड्यांना चार शब्द सुनावत होती. गिरजाबायच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. पण पट्ट्याखाली माझ्या लक्षात आलं, ठोके घाईला आलेत. सिस्टरने पुन्हा हवा भरली. एकशे शहात्तर.

"गिरजामावशी," सिस्टरने विचारलं, "रात्री झोप लागते का?"

"झोप कसली गो. डोला लागतो नि लागलीच उघडतो. कानात तो खराटाच वाजत रवतो."

मग हळू आवाजात तिने सांगितलं. सुंदरा रोज सकाळी आपला कचरा हिच्या दाराशी ढकलते. रोज. चार वर्षं. सिस्टर म्हणाली, "मग तुम्ही तिला बोललात काय?"

"मी कशाला बोलू? मी नाय भांडत कोणाशी."

कपाळाला हात लावावा असं वाटलं, पण मला हात कुठे आहेत! सुंदरा दिवसातून दहा वेळा भडकायची आणि भाकरी थापून होईपर्यंत विसरूनही जायची. ही बाई एक खराटा सकाळी ऐकायची आणि दिवसभर, रात्रभर तेच ते घोळवत राहायची. अंगण एक, सकाळ एक. एकीला गाढ झोप, दुसरीचा डोळा जायची वेळ. केवढी ताकद असते हो माणसात, कचऱ्याचा एवढासा ढीग चार वर्षं उराशी धरून ठेवायची. मला भीतीही वाटली आणि कौतुकही.

सिस्टरने परोपरीने सांगितलं, एकदा बोलून टाका. गिरजाबाय मान हलवायची. सिस्टर तरी सुंदराला जाऊन कशी सांगणार? विश्वासाने सांगितलेलं होतं. दिवस तसेच गेले आणि तिसरं शिबिर आलं.

त्या दिवशी कुंडलिकचं भात खळ्यावर पडलेलं आणि आभाळ भरून आलेलं. त्याचा पाय निघेना. सुंदरा न विचारताच पदर खोचून आली, "मी नेते बायला. चला." जयरामच्या जीपमध्ये दोघी शेजारी बसल्या. मी सिस्टरच्या पिशवीत. सुंदरा मुरबाड येईपर्यंत बडबडत होती, गिरजाबाय गप्प.

दवाखान्याच्या बाकावर सिस्टरने पट्टा बांधला. एकशे ऐंशी. सिस्टरचा चेहरा उतरला. "मावशी, अकराला डॉक्टर स्वतः बघतील. हेच निघालं तर आजपण परत जावं लागेल."

गिरजाबायच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सुंदराला ते बघवेना. "काय झालंय तरी काय तुला? डोलं जायची पाळी आली, तरी तोंड उघडत नायस."

आणि गिरजाबायने तोंड उघडलं.

"तू रोज कचरा माझ्या दारात ढकलतेस. चार वर्सं झाली. मी काय उकिरडा हाय का तुझा?"

दवाखान्यातली माणसं वळून बघायला लागली. सुंदरा म्हणाली, "अगो बाय, आंगणाचा उतार तिकडं हाय. झाडायचं ते उताराला. मागनं मीच भरून टाकते ना तो, तुला दिसत नाय व्हय?" आणि तिच्या ध्यानात आलं की खरंच दिसत नाही.

"आणि नळावर माझी कळशी बाजूला केलीस ती?"

"ती केली. ती मुद्दाम केली," सुंदरा म्हणाली. "तवा राग आलेला मला तुझा. मी रोज 'उठलीस का गो' करून इचारते, नि तू तोंड फिरवून घरात जातेस. पण सांजच्याला इसरले पण मी. तू इसरली नायस?"

"नाय."

"मग एक शिवी तरी घालायची व्हतीस गो."

गिरजाबाय हसली की रडली ते मला नीट कळलं नाही, दोन्ही एकदमच चाललं होतं. मग तिने एकेक काढायला सुरुवात केली. लग्नातलं बोलणं, बारशातला मान, तांदूळ धुवायला उसना नेलेला रोवळा. सुंदरा काहींवर भांडली, काहींवर "चुकलं माझं" म्हणाली. अर्धा तास झाला. सिस्टर मला मांडीवर घेऊन नुसती ऐकत होती. हळूहळू गिरजाबायचा आवाज बसत गेला. तिने डोकं भिंतीला टेकवलं, ते घसरून सुंदराच्या खांद्यावर आलं.

पुढचं सांगण्याआधी माझं थोडं सांगून टाकते, नाहीतर बोलायचं राहून जाईल. आता माझी नळी चिरलीय, हवा धरत नाही. उपकेंद्रात बॅटरीवर चालणारी नवी मशीन आलीय, ती आपोआप फुगते आणि चोख आकडा दाखवते. मी कपाटाच्या वरच्या फळीवर असते. गिरजाबायची गोळी चालूच आहे, ती सोडायची नसते. नव्या मशीनवर दर महिन्याला तिचं मोजतात, तेव्हा मी वरून कान देते. तुमच्याकडे एकच मागणं आहे. आतलं कोणाला तरी सांगत जा. भांडण झालं तरी चालेल, पण ते साठून माझ्या काट्यावर चढू देऊ नका. आता तो शेवटचा प्रसंग सांगते आणि तुमचा निरोप घेते.

अकरा वाजत आले होते. सिस्टरने अलगद गिरजाबायच्या दंडाला मला गुंडाळलं. फुगा एवढा हळू दाबला की तिची पापणी हलली नाही. मी हजारो हात धरले होते, पण सगळे जागे. झोपलेला हात पहिल्यांदाच. तो किती जड होता आणि किती हलका, मला सांगता येत नाही. काटा उतरत गेला. एकशे साठ, काही नाही. एकशे पन्नास, काही नाही. एकशे अडतीसला पहिला ठोका आला, सावकाश, कसलीच घाई नसलेला. तेच हृदय होतं ते, सकाळी पिसाळलेलं. सिस्टरने कानातल्या स्टेथोस्कोपच्या नळ्या काढल्या आणि ती नुसती बघत राहिली.

आतून शिपाई कागद घेऊन आला आणि मोठ्याने ओरडला, "गिरजा कुंडलिक, कोण आहे?"

सुंदराने ओठांवर बोट ठेवलं. जिचा आवाज पलीकडच्या पाड्याला जायचा ती एवढ्या हळू बोलली की मी दंडावर होते म्हणून मला ऐकू आलं.

"हळू रे दादा. चार वर्सांनी झोपलीय ती."